पकड की प्रहार?

पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धेत दि. ५ सप्टेंबर २०२४ रोजी ज्युदोचा एक सामना झाला. एका बाजूस ब्राझीलचा एलिएल्टन दि ऑलिव्हेरा होता, तर दुसऱ्या बाजूस मध्य प्रदेशाचा कपिल परमार. भोपाळला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यातील एका खेड्यात हा तरुण वाढला. लहानपणी शेतातील पाण्याच्या पंपाला हात लागून त्याला विजेचा जबर धक्का बसला आणि भोपाळच्या रुग्णालयात तो काही महिने बेशुद्ध पडून होता. पुढे त्याच्या दृष्टीने दगा दिला. भावाबरोबर चहाची टपरी चालवीत त्याने ज्युदोचा अभ्यास केला आणि पॅरिसमध्ये दहा विरुद्ध शून्य गुणांनी सामना जिंकून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक या दोहोंत मिळून ज्युदोमध्ये भारताच्या नावावर लागलेले हे पहिलेच पदक होय.

परंतु या सामन्याच्या निकालापेक्षा त्याचा आरंभ अधिक विचार करण्याजोगा आहे. डोळस खेळाडूंच्या ज्युदोत दोघे प्रतिस्पर्धी काही अंतरावर उभे राहतात आणि पकड मिळविण्यासाठीच अर्धी लढाई होते. दृष्टिहीनांच्या ज्युदोत मात्र दोघांनी एकमेकांच्या अंगरख्याला हात घातल्यावरच पंच सामना सुरू करतो. पकड सुटली की सामना थांबतो आणि दोघांना पुन्हा मध्यभागी आणून पकड देण्यात येते. त्यानंतर डोळ्यांचे काम हात करतात. प्रतिस्पर्ध्याने वजन कोणत्या पायावर टाकले, तो पुढे येणार की मागे सरणार, हे सारे बोटांना समजते. याच जागी मुष्टियुद्धाची कल्पना करून पाहावी. समोरून येणारा ठोसा ज्याला दिसत नाही, त्याने तो चुकवावा कसा?

एका खेळातील हा साधा नियम एका जुन्या वादाच्या मुळाशी घेऊन जातो. प्रत्यक्ष जिवावर किंवा अब्रूवर प्रसंग आला असता कोणती विद्या कामी येते? कुस्ती आणि ज्युदो यांची पकड, की मुष्टियुद्ध आणि कराटे यांचा प्रहार? भोपाळच्या तात्या टोपे नगरातील क्रीडासंकुलात शासनाच्या प्रबोधिनीमध्ये ज्युदो, कराटे, तायक्वांदो अशा विद्या शेजारी शेजारी शिकविल्या जातात. आपल्या मुलीला कोणत्या वर्गात घालावे, या विवंचनेत असलेल्या पालकांच्या दृष्टीने हा वाद नुसता तात्त्विक नाही. संध्याकाळी शिकवणीहून एकट्या परतणाऱ्या मुलीचा तो प्रश्न आहे.

आपल्या परंपरेने या वादाचा निर्णय फार पूर्वीच पकडीच्या बाजूने दिला, असे वरवर पाहता वाटते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या आहाराचे, व्यायामाचे आणि डावांचे वर्णन आले आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी सन १९५२ मध्ये हेलसिंकी येथे मिळविलेले कांस्यपदक हे याच मातीचे देणे. मध्य भारतातील संस्थानांनीही मल्लविद्येला उदार आश्रय दिला. जगज्जेता गामा दतिया संस्थानच्या आश्रयाला होता, आणि त्याने पाडलेल्या नामांकित मल्लांत भोपाळच्या प्रतापसिंगाचे नाव घेतले जाते.

तथापि परंपरेचे दुसरे अंगही विसरता कामा नये. गुजरातेतील मोढेरा हे ज्यांचे मूळ स्थान, त्या ज्येष्ठीमल्लांची वज्रमुष्टी ही विद्या बडोदे आणि म्हैसूर दरबारांत नांदली. वज्रमुष्टीत मल्ल मुठीमध्ये शिंगाचे वा धातूचे दातेरी आयुध धरून प्रहार करीत आणि त्याच झोंबीत पेचही टाकीत. आपल्याकडील बिनोट या विद्येत निःशस्त्र माणसाने सशस्त्र माणसाला कसे तोंड द्यावे याचा विचार आहे. म्हणजे पूर्वजांना पकड आणि प्रहार ही दोन्ही अंगे ठाऊक होती. तांबड्या मातीतील कुस्तीने त्यांपैकी प्रहार बुद्धिपुरस्सर वगळला, कारण कुस्तीचा उद्देश बळाची आणि कौशल्याची परीक्षा हा होता. शत्रूचा निःपात हा तिचा हेतू नव्हता. खेळाच्या या मर्यादेला युद्धाचा नियम समजणे ही पहिली चूक होय.

प्रहाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार अंतर हा आहे. जो दूर आहे तो मोकळा आहे, आणि जो मोकळा आहे तो पळू शकतो. एका माणसाला घट्ट मिठी मारली म्हणजे आपणही त्याच्याशी बांधले गेलो. त्याचा साथीदार मागून आला तर आपले दोन्ही हात गुंतलेले असतात. मातीच्या हौद्यात दुसरा माणूस येत नाही, रस्त्यावर येतो. शिवाय रस्ता म्हणजे काही तेल, ताक आणि हळद घालून मऊ केलेली माती नव्हे. तेथे फरशी असते, खडी असते, पदपथाचा कठडा असतो. पट काढून समोरच्याला खाली आणणारा पैलवान स्वतःही गुडघ्यावर येतो, आणि गुडघा डांबरावर आपटला की डावाची सारी शोभा नाहीशी होते.

अंतराचे हे महत्त्व भोपाळच्या भूमीने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेले आहे. सन १७३७ च्या डिसेंबरात निजाम-उल्-मुल्क भारी तोफखाना घेऊन भोपाळात ठाण मांडून बसला. दुरून मारा करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिल्या बाजीरावाने त्या तोफांच्या तोंडी आपले सैन्य दिलेच नाही. त्याने चहूकडून वेढा घातला, दाणावैरण तोडली, आणि निजाम बाहेर पडू लागला तेव्हा त्याच्या भोवती घिरट्या घालून त्याला मोकळे होऊ दिले नाही. अखेर जानेवारी १७३८ मध्ये सीहोरजवळच्या दोराहा येथे निजामास तह करावा लागला. ज्याचे बळ प्रहारात आहे त्याला प्रहारास लागणारी मोकळीक द्यायची नाही, हेच पकडीचे सूत्र आहे. पण बाजीरावास ते साधले, कारण पकड केव्हा घालावी आणि केव्हा दूर राहावे हे दोन्ही त्याला कळत होते. एकाच तत्त्वाला चिकटून राहणारा सेनापती तेथे फसला असता.

प्रहाराच्या पक्षाची एक दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. उघड्या मुठीने कवटीवर मारणे हे दिसते तितके सोपे नाही. मुष्टियोद्ध्याच्या हातावर पट्ट्या आणि हातमोजे असतात, ते समोरच्याच्या चेहऱ्याइतकेच त्याच्या स्वतःच्या हाडांच्या रक्षणासाठी असतात. नवशिक्याने रागाच्या भरात ठोसा लगावला की करंगळीच्या मुळाशी असलेले तळहाताचे हाड अनेकदा मोडते. म्हणून जाणते शिक्षक नवख्यांना मुठीऐवजी तळहाताच्या टाचेने, कोपराने आणि गुडघ्याने मारावयास शिकवितात.

आता पकडीची बाजू पाहू. जपानात जिगोरो कानो यांनी सन १८८२ मध्ये कोडोकान ही संस्था स्थापून ज्युदोची उभारणी केली. जुन्या जुजुत्सूमध्ये डोळे फोडण्यापासून हाडे मोडण्यापर्यंतचे भयंकर प्रकार होते. त्यांची तालीम पूर्ण जोराने करणे अशक्य असल्यामुळे शिष्य ते हवेत किंवा मुकाट्याने उभ्या राहणाऱ्या सोबत्यावर गिरवीत. कानो यांनी मुक्त लढतीतून असे प्रकार बाजूला काढले आणि पूर्ण जोर लावूनही जोडीदार शाबूत राहील असे डाव तीत ठेवले. याचा परिणाम विलक्षण झाला. वर्षानुवर्षे हवेत गिरविलेल्या भीषण डावापेक्षा रोज प्रतिकार करणाऱ्या देहावर घासलेला साधा डाव प्रत्यक्षात भारी ठरतो, हे दिसून आले. आपल्या आखाड्यातील वस्ताद ‘जोर कर’ म्हणून पोराला दुसऱ्या पोराच्या अंगावर सोडतो, त्यातले मर्म हेच आहे. पकडीच्या विद्यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या डावांत जेवढे आहे, त्याहून अधिक त्यांच्या तालमीत आहे.

सन १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धविद्यांचे खेळाडू फार थोड्या निर्बंधांनिशी एकमेकांसमोर आले. त्या स्पर्धेत ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी विजयी झाला. त्याच्या घराण्याची विद्या जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा याच्या शिकवणीतून ब्राझीलमध्ये रुजली होती. ठोसा मारणाऱ्यांना तो जमिनीवर आणी आणि गळ्याची किंवा सांध्याची पकड घेऊन शरण येण्यास भाग पाडी. त्या काळी पुष्कळांना वाटले की वाद मिटला. परंतु तो मिटला नव्हता. चारच वर्षांनी मॉरिस स्मिथ या ठोसेलाथांच्या खेळाडूने मार्क कोलमन या कुस्तीगिराला हरविले. पाडले जाऊ नये कसे, आणि पाडले गेल्यास पुन्हा उठावे कसे, एवढी कुस्ती तो शिकून आला होता. तेव्हापासून त्या क्षेत्रातील प्रत्येक जण दोन्ही विद्या शिकू लागला आणि ‘कोणती श्रेष्ठ’ हा प्रश्न तेथल्यापुरता निरर्थक झाला.

मात्र स्पर्धेवरून रस्त्याचे अनुमान काढताना सावध असावे. सन १९१० मध्ये लंडन येथे गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. झ्बिस्को आरंभीच जमिनीला चिकटून बसला आणि अडीच तासांहून अधिक काळ गामाला तो चीत करता आला नाही. सन १९७६ मध्ये टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी मल्ल आंतोनियो इनोकी यांची पंधरा फेऱ्यांची लढत ठरली. इनोकीला बांधून घातलेल्या नियमांमुळे त्याने बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडल्या. अलीचे पाय सुजले, प्रेक्षक कंटाळले आणि सामना बरोबरीत सुटला. दोन्ही ठिकाणी पडून राहणे नियमांत बसत होते, म्हणून ते बचावाचे साधन झाले. रस्त्यावर जमिनीवर पडून राहणाऱ्याचा बचाव कोणताही पंच करीत नाही.

चाकूचा प्रसंग तर दोन्ही पक्षांचा गर्व उतरविणारा आहे. चाकू धरलेल्या हाताशी झोंबी घेणारा आणि त्या हातावर ठोसा मारणारा हे दोघेही बहुधा जखमी होतात. पाकीट मागितले तर टाकून द्यावे, वाट असेल तर धावत सुटावे, ओरडावे, मध्ये एखादी वस्तू आणावी. हे सर्व अशक्य झाले तरच, शेवटचा उपाय म्हणून, शस्त्राचा हात दोन्ही हातांनी पकडावा. प्रामाणिक शिक्षक हेच सांगेल. चाकू हिसकावून घेण्याचे सुबक प्रयोग संमेलनाच्या व्यासपीठावर शोभतात.

यात कायद्याचा भागही आहे. दि. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. जुन्या दंडसंहितेतील स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या ३४ ते ४४ या कलमांत कायम ठेवण्यात आला आहे. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी धास्ती असेल, बलात्काराच्या हेतूने हल्ला होत असेल, अम्लहल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो. परंतु एरवी बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. हाड मोडणे किंवा दात पडणे ही कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’ आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. दारूच्या धुंदीत अंगावर येणाऱ्या शेजाऱ्याला किंवा बिथरलेल्या नातलगाला आवरायचे असते, ठोकायचे नसते. अशा वेळी बळाचे माप कमीजास्त करता येणे हा पकडीचा मोठा गुण ठरतो. सुटलेला ठोसा मात्र परत घेता येत नाही. अर्थात पकडही निरुपद्रवी नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्यास थोड्याच सेकंदांत शुद्ध हरपते, आणि दाब तसाच राहिला तर प्राण जातो. म्हणून ‘सोडावे केव्हा’ हे ज्याला शिकविले नाही, त्याला ‘धरावे कसे’ हे शिकविणे धोक्याचे आहे.

आता पुन्हा मध्य प्रदेशाकडे वळले पाहिजे, कारण या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर तेथील खेड्यांतून मिळाले आहे. गेल्या दशकात या राज्यात दृष्टिहीन मुलींना स्वसंरक्षणासाठी ज्युदो शिकविण्याचा उपक्रम ‘साइटसेव्हर्स’ या संस्थेने स्थानिक संस्थांच्या साहाय्याने हाती घेतला. त्यातून पुढे आलेल्या जबलपूर जिल्ह्यातील जानकीबाई गोंड हिने सन २०१७ मध्ये ताश्कंद येथील आशिया व ओशिआनिया विभागाच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. पदक हे या उपक्रमाचे फळ खरे, पण त्याचा हेतू पदक हा नव्हता. दृष्टिहीन मुलगी एकटी घराबाहेर पडण्यास भिते. कोणी हात धरला तर तो मदतीसाठी की वाईट बुद्धीने, हे तिला चेहऱ्यावरून कळत नाही. तिच्यावर येणारा प्रसंग बहुतेक वेळा त्या हात धरण्यातूनच सुरू होतो. तेव्हा पकडीपासून सुरू होणारी विद्या तिच्या उपयोगाची ठरावी, यात नवल नाही.

आणि येथेच ध्यानात येते की डोळस स्त्रीची स्थितीही यापेक्षा फारशी वेगळी नसते. काळोख्या गल्लीतून अनोळखी गुंड समोर उभा राहतो, असे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल मात्र वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा पीडित स्त्रीच्या ओळखीचा असतो. ओळखीचा माणूस अंतरावर उभा राहून पवित्रा घेत नाही. तो शेजारी बसतो, खांद्यावर हात टाकतो, मनगट धरतो, वाट अडवितो. प्रहाराला लागणारे अंतर तेव्हा उरलेलेच नसते. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्याला ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हटले त्याच्यावर हात उगारण्यास मन धजत नाही. मनगट सोडविण्याची युक्ती सोपी आहे. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात ती पकडीची दुबळी बाजू, आणि त्या बाजूला हात फिरवून हिसका द्यावा. पण तो हिसका देण्याची परवानगी मुलीने आधी स्वतःला द्यावी लागते, आणि ती परवानगी कोणत्याही आखाड्यात आपोआप मिळत नाही.

कॅनडातील तीन विद्यापीठांत झालेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. सन २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ९०० विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना केवळ माहितीपत्रके दिली आणि निम्म्यांना प्रत्येकी तीन तासांचे चार वर्ग दिले. या वर्गांत हातपाय चालविण्याचे शिक्षण होते, परंतु ते एक अंग म्हणून. धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसाला नकार देताना वाटणारा संकोच मोडणे, आणि आपल्याला काय हवे व काय नको याचा स्पष्ट विचार करणे, यांवर उरलेला भर होता. वर्षभरानंतर पहिल्या गटात बलात्कारास बळी पडलेल्यांचे प्रमाण ९.८ टक्के, तर दुसऱ्या गटात ५.२ टक्के आढळले. एकूण बारा तासांच्या शिक्षणाने धोका जवळजवळ निम्म्यावर आला. तेथे कोणी काळा पट्टा मिळविला नव्हता.

यावरून वादाचा निकाल कसा लावावा? पकड श्रेष्ठ की प्रहार, हा प्रश्न ‘कात्री चांगली की सुई’ या प्रश्नासारखा आहे. अंतर असेल आणि वाट मोकळी असेल तर पळणे उत्तम. वाट अडविणारा एखादा असेल तर तळहाताचा एक जबर फटका वाट काढून देतो. अंगाला अंग भिडले असेल तर तोल सांभाळणे, पकड सोडविणे आणि खाली पडल्यास उठून उभे राहणे, हे पकडीच्या विद्येवाचून यावयाचे नाही. ज्याला थोडाच वेळ आहे त्याने या दोन्हींतील चार गोष्टी घ्याव्यात, पण त्या प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर घटवाव्यात. वर्ग निवडताना पालकांनी विद्येचे नाव कमी आणि तालीम अधिक पाहावी. तेथे मुलींना खऱ्या जोराची ओळख करून देतात की नाही, चूक झाली तर हसतात की सुधारतात, ओरडणे आणि पळणे यांना कमीपणा मानतात की पहिला धडा मानतात, हे पाहावे.

ज्युदोच्या वर्गात पहिल्या दिवशी कोणताही डाव शिकवीत नाहीत. तेथे पडावे कसे हे शिकवितात. हनुवटी छातीशी घ्यावी, डोके जमिनीला लागू देऊ नये आणि सपाट हाताने जमिनीवर थाप मारून धक्का पसरवून टाकावा. मारामारीचा प्रसंग आयुष्यात कित्येकांवर कधीच येत नाही. पाय घसरण्याचा प्रसंग मात्र प्रत्येकावर येतो. त्यामुळे सर्वांत अधिक लोकांचे सर्वांत अधिक रक्षण या विद्येच्या पहिल्याच धड्याने होत असले पाहिजे.

एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. मुलींना विद्या द्यावीच, परंतु ती देऊन समाजाची जबाबदारी संपत नाही. ज्या मुलीला डाव आला नाही, जिचे हातपाय भीतीने गारठले, तिची चूक काही नसते. चूक धरणाऱ्याची असते. गावाने, शाळेने आणि घराने ही गोष्ट मान्य केली, तर दृष्टिहीन मुलीचा हात धरणारा माणूस बहुतेक वेळा तिला रस्ता ओलांडून देणाराच असेल. तो तसा नसल्यास काय करावे, हे तिच्या बोटांना ठाऊक असलेले बरे.